डेअरीच्या कार्डावरची स्तोत्रं

शाळेतून निवृत्त झाल्यापासून आठवड्यातले तीन-चार दिवस सकाळी मी गोळेगावच्या रस्त्याने लेण्याद्रीच्या पायथ्यापर्यंत चालत जाते. कारण धार्मिक नाही, गुडघ्यांचं आहे. सपाटीवर चाला, पायऱ्यांच्या वाटेला जाऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. त्यामुळे वरच्या तीनेकशे पायऱ्या आता मी खालूनच बघते. पायथ्याशी चहा घ्यायचा, माकडांपासून पिशवी सांभाळायची, डोलीवाल्यांशी दोन शब्द बोलायचे आणि परत फिरायचं. त्या डोलीवाल्यांत एक माझा जुना विद्यार्थी आहे. खुर्चीला बांबू बांधून माणसं वर न्यायची, गिरिजात्मजाचं दर्शन करवून खाली आणायची, हा त्याचा सुट्ट्यांचा आणि चतुर्थीचा धंदा, एरवी शेती.

मागच्या पावसाळ्यात एका रिकाम्या सकाळी तो म्हणाला, "बाई, एक विचारू का? रागवू नका. आमच्यात वय झालं की माळ घालतात, हरिपाठ लावतात, जमलं तर वारी करतात. आमची आजी अजून संकष्टीला डोलीत बसून वर जाते. तुमच्यात म्हातारपणी काय असतं?"

"असतं की," मी म्हणाले आणि चहाचा घोट घेतला. पुढचं वाक्य सुचेना. जन्मभर पोरांना प्रश्न विचारले आणि एका पोराने विचारला तर बाईंची बोलती बंद.

त्याला आमच्याबद्दल नीट माहिती नसणं साहजिक आहे. जुन्नर तालुक्यात आमची घरं मोजकीच. पण परतताना वाटेत जाणवलं, की त्याच्या प्रश्नामागे जे गैरसमज होते तेच आमच्या माणसांतही पक्के बसलेत. काही तर माझेच होते, अगदी परवापरवापर्यंत.

"ख्रिस्ती माणसाला रविवार पुरतो"

हा पहिला. शेजाऱ्यांना वाटतं, कारण आम्ही रविवारी इस्त्रीच्या कपड्यांत बाहेर पडलेले दिसतो आणि बाकीचे दिवस दिसत नाही. आम्हालाही वाटतं, कारण ते सोयीचं आहे.

वस्तुस्थिती आमच्याच घरातल्या एका जुन्या पुस्तकात आहे. इंग्लंडच्या चर्चचं जे साधारण प्रार्थनेचं पुस्तक मराठीत आलं, त्यात स्तोत्रसंहितेतली दीडशे स्तोत्रं तीस दिवसांत वाटून दिलेली आहेत: रोज सकाळचा एक वाटा, संध्याकाळचा एक वाटा. महिना संपला की पुन्हा पहिल्या स्तोत्रापासून सुरुवात. एकतीस तारीख आली तर तिसाव्या दिवसाचाच पाठ पुन्हा. 119 वं स्तोत्र 176 वचनांचं, ते 24 तारखेच्या संध्याकाळपासून 26 पर्यंत पुरतं. एकूण हिशेब वर्षाला बारा आवर्तनांचा. हरिपाठ लावणाऱ्या माणसाला यात नवल वाटण्यासारखं काही नाही.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. पाट्या बदलल्या, उपासनेची पुस्तकं बदलली. माझ्या आईने मात्र आपलं जुनं पुस्तक सोडलं नाही. आणि पुस्तकाबरोबर तिचं एक कार्ड होतं, त्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

आमच्याकडे एक म्हैस होती. वडील गेल्यावर आईच्याने धार काढणं होईना, म्हणून ती बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात विकली. मागे राहिलं दूध डेअरीचं कार्ड, बरंचसं कोरं. तारीख, सकाळ, संध्याकाळ, लिटर, फॅट, असे छापील रकाने. कागद वाया घालवणं आईच्या रक्तात नव्हतं. तिने सकाळच्या रकान्यात सकाळच्या स्तोत्राचा आकडा लिहायला सुरुवात केली, संध्याकाळच्या रकान्यात संध्याकाळचा. लिटरचा रकाना सोडून दिला. फॅटच्या रकान्यात काय लिहिते हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. कार्ड संपलं तेव्हा ओळखीच्या डेअरीवाल्याकडून तिने आणखी कोरी कार्डं मागून आणली. म्हैस नसलेल्या बाईला कार्डं कशाला, असं त्याने विचारलं असणार. काय उत्तर दिलं, देव जाणे.

"वय झालं की भक्ती आपोआप येते"

येत नाही. एवढ्या चार अक्षरांत हा विषय मिटतो खरा, पण थोडा ताणून धरते, कारण या समजापायी मी स्वतः दोन वर्षं घालवली.

नोकरीत असताना सकाळी साडेसहाची एसटी असायची. प्रार्थना म्हणजे डबा भरता भरता पुटपुटलेलं काहीतरी. मनाशी ठरवलेलं होतं, की एकदा निवृत्त झाले की पहाटे उठायचं, पवित्र शास्त्र उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत नीट वाचायचं, वहीत टिपणं काढायची. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी साडेआठला उठले. मग नातवाचे फोन, पेन्शनच्या फाइलीच्या खेपा, मोबाइल. मोबाइलवर येणाऱ्या फुलांच्या चित्रावरच्या वचनांनाच मी वचन वाचणं समजू लागले. वेळ मोकळा झाला तसा तो विखुरलाही. कामाच्या दिवसाला निदान कडा असतात, त्यात काही अडकवून ठेवता येतं.

म्हातारपण माणसाला नवं काही देत नाही, जे आहे ते दाट करतं, असं माझं निरीक्षण आहे. कुरकुऱ्या माणूस जास्त कुरकुरा होतो, हिशेबी जास्त हिशेबी. रोज पाच मिनिटं देवाजवळ बसायची सवय असेल तर ती पाच मिनिटंही दाट होतात. नसेल तर ती सवय लावूनच घ्यावी लागते, साठीतही, जशी सहावीतल्या पोराला शुद्धलेखनाची लावतो तशी. रोज, थोडी, ठरल्या जागी. माझी जागा स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारची खुर्ची. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात लॉरेन्स नावाचे ब्रदर होऊन गेले. मठाच्या मुदपाकखान्यात राबता राबताच देवाच्या सहवासात राहायची सवय त्यांनी जोपासली. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचे संवाद आणि पत्रं छापली गेली, ती आजही वाचली जातात. तेव्हा ओटा चालतो.

"बाप्तिस्मा झालाय, आणखी काय राहिलं?"

आमच्या जिल्ह्यातलंच उदाहरण घेते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. वय 25. संस्कृत मुखोद्गत, पुराणं पाठ, कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती म्हणून गौरवलेली बाई. बाप्तिस्मा घेतला तोही वादविवाद करून, पटवून घेऊन. आणि पुढे त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहून ठेवलं, की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला त्यानंतर आठेक वर्षं जावी लागली. अशी कबुली द्यायला धाडस लागतं. पाळकसाहेबांसमोर चाळीस वर्षं पहिल्या बाकावर बसणारे आमचे लोक असं काही कबूल करतील असं वाटत नाही. मी तरी केलं नव्हतं.

पण रमाबाईंची मला जवळची वाटणारी गोष्ट त्यापुढची आहे. केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं, दुष्काळात शेकडो मुलीबायका तिथे आल्या. एवढा पसारा डोक्यावर असताना या बाईंनी उतारवयाकडे झुकता झुकता हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतल्या, कारण पवित्र शास्त्र खेड्यातल्या अडाणी बाईला कळेल अशा मराठीत मुळातून आणायचं होतं. ते त्यांनी केलं. खिळे जुळवायला आणि छापायला मुक्तीतल्याच बायका. 1921 च्या जुलैत एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. आईच्या मागे संस्था जिने बघायची तीच आधी गेली. रमाबाई पुन्हा मुद्रितं तपासायला बसल्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या तेव्हा भाषांतराचं काम पुरं झालेलं होतं.

मुलीच्या मृत्यूनंतरचे ते आठ-नऊ महिने मी अनेकदा डोळ्यांसमोर आणते. त्या दिवसांत त्यांना आतून काय वाटत होतं ते आपल्याला कसं कळणार? पण सकाळ झाली की एक ओळ, मग दुसरी ओळ, एवढं दिसतं. नातं म्हणतात ते बहुधा हेच असावं. पतीपत्नीच्या नात्यातही लग्नाचा दिवस एकच असतो आणि नंतरचा चहा रोजचा असतो.

"मन लागलं नाही तर ती प्रार्थना कसली?"

सगळ्यात घातक गैरसमज हा. यानेच माणसं प्रार्थना सोडतात, आणि सोडल्याचं कुणाला सांगत नाहीत.

आमच्याकडे साक्ष देण्याची पद्धत आहे. उभं राहायचं आणि देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीला सांगायचं. पद्धत चांगली आहे. पण साक्षीत नेहमी डोळे पाणावलेले असतात, काळीज भरून आलेलं असतं, आजार बरा झालेला असतो. "गेले आठ महिने मी रोज प्रार्थनेला बसतो आणि भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं," अशी साक्ष मी आजवर एकदाही ऐकली नाही. ऐकणारा मात्र मनात म्हणतो, माझंच काहीतरी चुकतंय.

म्हातारपणी तर हे जास्त होतं. झोप तुटलेली असते. रक्तदाबाच्या गोळीने गुंगी येते. एकच ओळ तीनदा वाचली तरी डोक्यात शिरत नाही. जोडीदार गेलेला असेल तर समोरची रिकामी खुर्चीच लक्ष वेधून घेते. यातलं निम्मं शरीराचं असतं, त्याला पाप समजायचं कारण नाही. हे कुणीतरी चर्चमध्ये स्पष्ट सांगितलं पाहिजे, असं मला फार वाटतं. आणि महिनोन्‌महिने कशातच राम वाटत नसेल, जेवणखाण नको वाटत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवा. त्यात विश्वास कमी पडल्यासारखं काही नाही.

कोलकात्याच्या मदर तेरेसांची खासगी पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 2007 साली, प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला धक्का बसला. जिच्या चेहऱ्यावर सगळ्यांना देव दिसायचा तिला स्वतःला जवळजवळ पन्नास वर्षं आत अंधार आणि शांतता यापलीकडे काही जाणवलं नव्हतं. तरी पहाटेची मिस्सा चुकली नाही. काहींनी तेव्हा म्हटलं, हे ढोंग झालं. मला तर ती पत्रं वाचून हायसं वाटलं.

आणि दीडशे स्तोत्रांत काय आहे ते उघडून तर बघा. स्तुती आहे, पण जवळजवळ तिसरा हिस्सा गाऱ्हाणी आहेत. किती दिवस, का, कुठे तोंड लपवून बसलास, अशी सरळ भांडणं. 88 वं स्तोत्र तर असं आहे की त्याला शेवटीही उजेड नाही. अंधारातच सुरू होतं आणि अंधारातच संपतं. हे स्तोत्र कुणी पुस्तकातून काढून टाकलं नाही. तीस दिवसांच्या पाठात ते 17 तारखेच्या सकाळी येतं. म्हणजे महिन्यातून एका सकाळी, मन प्रसन्न असो नसो, हे म्हणायचंच. आणि महिनाभर मन खचलेलं असो नसो, तीस तारखेला टाळझांजांचं 150 वं म्हणायचंच. ज्याने कुणी ही वाटणी केली त्याला माणसाची चांगली पारख होती. त्याने प्रार्थना मनःस्थितीच्या हातात ठेवलीच नाही.

आई गेल्यावर ती कार्डं माझ्या हाती आली. फॅटच्या रकान्यात आकडे होते. 4.1. 3.8. 5. 4.4. मला वाटलं जुने दुधाचे असतील. पण तारखा म्हैस विकल्यानंतरच्या. मग एका ठिकाणी 3 च्या पुढे बारीक अक्षरात लिहिलेलं सापडलं: "पाणी पडलंय." दुसऱ्या ठिकाणी: "झोप." एका उत्तम शुक्रवारी 6.8.

ती आपल्या प्रार्थनेची फॅट लावत होती.

म्हशीच्या दुधाला सहाच्या खाली लागली की डेअरीवर आईचा जीव वरखाली व्हायचा, दुधात पाणी घातल्याचा संशय येईल म्हणून. त्या बाईने स्वतःच्या प्रार्थनेला बहुतेक दिवशी चार-सव्वाचारच दिले होते. मी एका रविवारी दुपारभर बसून मोजलं: दोन वर्षांच्या नोंदींत सहाच्या वर अकराच दिवस. पण सकाळ-संध्याकाळचे रकाने? त्यात खाडा नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे चार दिवस तेवढे कोरे, तिथे एक तिरकी रेघ. ज्या बाईला आम्ही भाऊबहिणी अतिशय भक्तिमान म्हणून ओळखत होतो, तिच्या स्वतःच्या मते ती दोन वर्षं पातळ दूधच घालत होती. तरी घालत होती. डेअरीवाला कमी फॅटचं दूध परत करतो. इथे कुणी परत केल्याची नोंद कार्डावर नाही.

"आता कान गेले, डोळे गेले, चर्चपर्यंत जाववत नाही"

पुन्हा रमाबाईंकडे. त्यांना तरुणपणापासूनच कमी ऐकू यायचं. इंग्लंडमध्ये वैद्यकी शिकायचा बेत त्यापायीच सोडून द्यावा लागला. पुढे ज्या बाईच्या आश्रमात 1905 साली ती मोठी जागृती झाली, शेकडो मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, तिच्याच कानांची ही अवस्था. कमी ऐकू येणाऱ्याला त्यातलं किती पोचलं असेल याचा मी कधीकधी विचार करते.

बाकी या बाबतीत उपदेशापेक्षा युक्त्या कामाच्या. डोळ्यांचं म्हणाल तर आता मराठी पवित्र शास्त्र फोनवर ऐकता येतं. मुलाला किंवा नातीला एकदा लावून द्यायला सांगावं आणि रोज एकाच वेळी एकच अध्याय ऐकावा, तासभर नव्हे. डोळे शाबूत आहेत तोवर दहा-बारा स्तोत्रं पाठ करून ठेवावीत. पाठांतराला आपल्याकडे अलीकडे उगाच नावं ठेवतात, पण विस्मरणाच्या आजारात माणूस पोरांची नावं विसरतो तेव्हाही लहानपणी पाठ केलेलं गीत ओठांवर येतं, हे मी घरात पाहिलंय. गुडघे टेकवत नसतील तर खुर्चीत बसून प्रार्थना करावी. येशूने दाराला कडी लावून गुप्तपणे प्रार्थना करायला सांगितलं, गुडघ्यांचा उल्लेख तिथे नाही. ऐकू येत नसेल तर पाळकांना त्या रविवारचा शास्त्रपाठ आदल्या दिवशी कळवायला सांगावं, म्हणजे घरून वाचून जाता येतं.

आणि चर्चपर्यंत जाववतच नसेल तर प्रभुभोजन घरी आणून देणं हे पाळकाचं कामच आहे. आपण संकोचाने सांगत नाही. लेण्याद्रीला डोलीत बसायलाही म्हातारे असेच लाजतात. "चार माणसांच्या खांद्यावर जायची वेळ अजून यायचीय," असं म्हणून पंधराव्या पायरीवर धापा टाकत बसतात, आणि मग माझा विद्यार्थी शांतपणे खुर्ची खाली ठेवतो.

"आता सुरुवात करून काय उपयोग?"

निकदेम नावाच्या शिकल्यासवरल्या गृहस्थाने येशूला रात्री गाठून साधारण हाच प्रश्न विचारला होता: म्हाताऱ्या माणसाने नव्याने जन्मायचं कसं? हन्ना नावाची चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा मंदिरात बाळ येशूला ओळखते, तेही शुभवर्तमानात आहे. पण बायबलमधली माणसं बाजूला ठेवू, कारण ती बायबलमधली आहेत असं म्हणून आपण सुटका करून घेतो.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात उतरला तेव्हा तीस वर्षांचा होता. त्याने आपली भाषा शिकली, ओवी शिकली, आणि त्याचं क्रिस्तपुराण छापलं गेलं 1616 साली, राचोलला. दहा हजारांवर ओव्या. तेव्हा तो 67 वर्षांचा होता. तीन वर्षांनी गेला.

लक्ष्मीबाई टिळकांचं तर काय सांगावं! शाळेत कधी गेल्या नाहीत. नवरा, नारायण वामन टिळक, 1895 साली ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळलं, पाच वर्षं ताटातूट झाली, आणि 1900 साली त्या स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या विचाराने त्या वाटेवर आल्या. 1919 साली टिळक गेले, तेव्हा त्या पन्नाशीत होत्या. टिळकांनी 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं होतं, पण त्यांच्या हातून दहाएक अध्यायच झाले. उरलेले साठावर अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले, वैधव्यात, उतारवयात. 'स्मृतिचित्रे' त्याच काळातली. 1936 मध्ये त्या वारल्या आणि 'ख्रिस्तायन' 1938 साली छापून बाहेर आलं. 'स्मृतिचित्रे' सगळे वाचतात, वाचावंच असं पुस्तक आहे. मला मात्र त्या न वाचल्या गेलेल्या साठ अध्यायांचं अप्रूप जास्त. वर्षानुवर्षं रोज ख्रिस्ताच्या चरित्रातल्या एकेका प्रसंगापाशी बसायचं आणि त्याची ओवी करायची. प्रार्थना याहून वेगळी काय असते?

संध्याकाळी पाचला कामावर आलेल्या मजुराला दिवसभराची मजुरी देणाऱ्या द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. आमच्या नारायणगावकडच्या एखाद्या द्राक्षबागायतदाराला ती सांगून पाहा. म्हणेल, असा माणूस दोन हंगामांत दिवाळं काढील. येशूलाही बहुधा तेच अभिप्रेत असावं. पण एक गोष्ट प्रवचनांत निसटते. शेवटच्या घटकेला आलेला तो मजूर घटकाभर का होईना मळ्यात उतरला होता. बांधावर बसून त्याने मजुरी घेतली नाही.

"हे सगळं परक्या वळणाचं"

हा गैरसमज माझ्या विद्यार्थ्याच्या "तुमच्यात" या शब्दात होता, आणि त्याचा राग येण्यासारखं काही नव्हतं. पण ज्या डोंगराखाली बसून तो हे म्हणाला तो डोंगर तरी काय सांगतो? तीसेक लेणी, सगळी बौद्ध. सहाव्यात चैत्य आहे, आणि सातव्या लेण्यात, जिथे आज गिरिजात्मज आहे, तो मुळात भिक्खूंचा विहार; मधल्या दालनाला एक खांब नाही, भोवती त्यांच्या खोल्या. जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत यवन दात्यांची नावं आहेत, कुणी पाण्याची टाकी खोदून दिली, कुणी भोजनमंडप. परका माणूस इथे येतो, पाण्याची सोय करतो आणि इथला होऊन जातो, ही या तालुक्याची दोन हजार वर्षांची रीत आहे.

नारायण वामन टिळकांना हे अचूक उमगलं होतं. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असं ते स्वतःच म्हणत. तुकोबांच्या गुरुपरंपरेतल्या चैतन्यांची समाधी इथून जवळच, ओतूरला. ख्रिस्ताला उद्देशून अभंग लिहावेत, कीर्तनं करावीत, मंडळीने टाळ घेऊन भजनं म्हणावीत, हे टिळकांनी केलं. आमच्या 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकाची पानं उलटली की त्यांचं नाव पुन्हा पुन्हा भेटतं. आणि त्यांनी सगळ्यात मोठी उडी मारली ती 1917 साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षाच्या उंबऱ्यावर. मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही जागा होती. त्यावर तेव्हा पुष्कळ टीका झाली. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. पण देवाशी जवळीक वाढली म्हणजे माणूस देव्हाऱ्याचं दार लावून एकटा बसतो, हा जो एक समज आहे त्याला टिळकांच्या त्या दोन वर्षांहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

आईच्या कार्डाच्या पाठीमागेही नावं होती, लिटरच्या हिशेबासाठी सोडलेल्या जागेत. त्यात आमचे नातेवाईक थोडे आणि गल्लीतले जास्त. ज्या भाऊबंदाशी बांधावरून कोर्टकज्जा चालला होता त्याचंही नाव होतं, आणि ते दुसऱ्या पेनाने, मागाहून घातलेलं.

गेल्या आठवड्यात चालायला निघाले तेव्हा ते कार्ड पिशवीत टाकून नेलं. आईचं नव्हे, माझं. उरलेल्या कोऱ्यांपैकी एक मी जानेवारीपासून वापरते. 14 तारीख होती. सकाळच्या रकान्यात 71 आणि 72. 71 हे म्हाताऱ्याचं स्तोत्र आहे, केस पिकल्यावर टाकून देऊ नकोस म्हणणारं. योगायोग म्हणा, पण महिन्याच्या ऐन मध्याला येतं.

विद्यार्थी नारळाच्या दुकानाच्या कट्ट्यावर बसला होता. कार्ड त्याच्या हातात दिलं. "तू विचारलं होतंस ना, आमच्यात काय असतं. हे असतं."

त्याने उलटंसुलटं करून बघितलं. शेतकऱ्याचा पोरगा, रकाने त्याला समजावून सांगावे लागले नाहीत. आकडे कशाचे ते सांगितलं. बराच वेळ त्याचं बोट फॅटच्या रकान्यावरून खाली खाली सरकत होतं.

"बाई," तो म्हणाला, "साडेतीनच्या पुढे लागतच नाही की तुमची."

"नाही लागत."

"मग तुमची गाय असंल. गाईला एवढीच लागते."

तेवढ्यात पुण्याच्या गाडीतून एक आजी उतरल्या आणि पायऱ्यांकडे बघत कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्याने कार्ड माझ्या पिशवीत सरकवलं, खुर्ची उचलली आणि तिकडे गेला.